४२९४९६७२९७ मूळ आहे की नाही, आणि तिच्यात एवढं विशेष काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी ४२९४९६७२९७ या संख्येला शंभरच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, एकीनेही भाग गेला नाही. मग पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून २ चा ४२९४९६७२९६ वा घात घेतला आणि त्याला ४२९४९६७२९७ ने भागलं. बाकी १ आली, म्हणून फर्माच्या प्रमेयावरून त्यांनी संख्या मूळ धरली. पुस्तकात मात्र ती संयुक्त म्हणून दिली आहे. चूक कोणाची, आणि या संख्येचे आणखी गुणधर्म कोणते?

पुस्तक बरोबर आहे. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. तुमच्या प्रोग्रॅमने काढलेली बाकीही बरोबर आहे, ती खरोखर १ च येते. त्या बाकीवरून काढलेला निष्कर्ष तेवढा टिकत नाही. तसं का, हे सांगायचं तर संख्येच्या बांधणीपासून सुरुवात करावी लागेल. पुढे सोयीसाठी तिला 'स' म्हणतो. २^३२ म्हणजे २ चा ३२ वा घात.

शाळेतल्या कसोट्या आधी उरकून घेऊ. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ने भाग नाही. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांच्या बेरजेचा विषय निघालाच आहे तर देवळालीच्या द. रा. कापरेकरांची आठवण काढायला हवी. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. अशा रीतीने कुठल्याच संख्येपासून जी तयार होत नाही तिला त्यांनी स्वयंभू म्हटलं. आपली 'स' स्वयंभू नाही. ४२९४९६७२४५ च्या अंकांची बेरीज ५२. ती मिळवली की ४२९४९६७२९७ हजर. मौज आहे, पण हा गुणधर्म आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून आलेला आहे. अवयव शोधायला त्याचा उपयोग नाही.

उपयोगाची ओळ ही: स = २^३२ + १. दोनच्या पद्धतीत लिहिली तर आधी १, मग ३१ शून्यं, मग पुन्हा १. या संख्येबद्दल सांगण्यासारखं जे जे आहे, ते जवळपास सगळं या एका ओळीतून निघतं. मोठी संख्या समोर आली की भागाकार सुरू करण्याआधी ती कशी तयार झाली आहे ते पाहा, असं मी मुलांना सांगत असतो. नुसत्या भागाकाराने तुम्हाला 'स'च्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. नशिबाने ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. तुम्ही पंचविसाव्या मूळ संख्येपाशी थांबलात.

आता थोडा इतिहास. १६४० साली पिएर द फर्मा यांनी फ्रेनिकल यांना लिहिलेल्या पत्रात २ चा घात अधिक १ अशा संख्यांचा विचार मांडला, जिथे घातांक स्वतःच २ चा घात आहे: ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७ आणि पुढे. पहिल्या पाच मूळ आहेत. त्यावरून सगळ्याच मूळ असाव्यात असं त्यांना वाटलं, आणि आपल्याकडे सिद्धता नाही हेही त्यांनी लिहिलं. आश्चर्य याचं वाटतं की हत्यार त्यांच्याच हातात होतं. त्याच वर्षी त्यांनी २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे शोधलं होतं, आणि तेही अंदाजाने नव्हे. अशा संख्येचा विभाजक ७४ च्या पटीत १ मिळवूनच येऊ शकतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि २२३ = ३ × ७४ + १. तोच विचार 'स'वर चालवला असता तर सहाव्या संख्येपाशीच गाडी अडली असती. १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात गोल्डबाख यांनी फर्मांच्या या विधानाबद्दल ऑयलर यांना विचारलं, आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी ६४१ काढून दाखवला.

तो विचार असा. समजा 'प' ही मूळ संख्या 'स'ला भागते. मग २^३२ ला 'प'ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे प−१) असते, म्हणजेच २^६४ ची बाकी १. तेव्हा २ चे घात घेत गेल्यावर बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, तो घातांक ६४ चा विभाजक असणार. पण तो ३२ किंवा ३२ चा विभाजक असू शकत नाही, कारण ३२ व्या घाताला बाकी −१ आहे. म्हणून तो नेमका ६४. फर्माच्या छोट्या प्रमेयाने २^(प−१) ची बाकी १ येतेच, म्हणून प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. म्हणजे 'स'चा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येतो.

आता ६४ क + १ या साच्यातल्या मूळ संख्या लिहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच भाग जातो. पुढे १८७८ मध्ये ल्युका यांनी अट आणखी आवळली. प−१ ला ८ ने भाग जात असेल तर 'प'च्या हिशेबात २ हा कशाचा तरी वर्ग असतो, आणि त्या 'कशाचा तरी'चे घात घेत गेल्यावर बाकी १ पहिल्यांदा येणारा घातांक ६४ च्या दुप्पट, म्हणजे १२८ निघतो. मग साचा होतो १२८ क + १. त्यात १९३, ४४९, ५७७ गळतात. उरतात २५७ आणि ६४१. २५७ का बाद ते पुढे सांगतो. म्हणजे खरा भागाकार एकच करायचा.

तोही न करता ६४१ ने भाग जातो हे दाखवता येतं, आणि मला तर हा पाच ओळींचा युक्तिवाद कितीही वेळा शिकवला तरी कंटाळा येत नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा:

६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

पहिलीवरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसरीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. संपलं. दहा अंकी संख्या कुठे लिहावीसुद्धा लागली नाही.

६४१ ने भागल्यावर ६७००४१७ येतं. तीही मूळ आहे का? हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. तिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिचे मूळ अवयवही 'स'चेच अवयव, म्हणून त्यांनाही १२८ क + १ हा साचा लागू. २५८८ च्या आत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ बाद धरा. ६४१ ने भागल्यावर बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. चार भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरली. बांधणी माहीत नसती तर पावणेचारशे भागाकार करावे लागले असते.

आता २५७ चं. २^३२ − १ हे (२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १) असं फुटतं, म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. आपली 'स' या गुणाकारापेक्षा बरोबर २ ने मोठी. म्हणून त्या पाचांपैकी कशानेही 'स'ला भागलं की बाकी २ च येणार. ३ ने, ५ ने, १७ ने का भाग जात नाही याचं एकच उत्तर इथे मिळतं. फर्मांच्या यादीतल्या कोणत्याही दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो, हेही यातूनच निघतं, आणि मूळ संख्या अनंत आहेत याची एक वेगळी सिद्धता हाती येते. ही कल्पना गोल्डबाख यांनी १७३० च्या पत्रात ऑयलर यांना कळवली होती.

तुमच्या प्रोग्रॅमकडे येतो. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की 'स' मूळ असेल तर २^(स−१) ची बाकी १ येते. उलट दिशेने ते काहीच सांगत नाही. इथे तर बाकी १ येणं अटळच होतं. २^३२ ची 'स'ने भागल्यावरची बाकी −१, म्हणून २^६४ ची १. आणि स−१ म्हणजे २^३२, ज्याला ६४ ने भाग जातो. झालं, बाकी १. ही संख्या मूळ आहे की संयुक्त, याचा त्या बाकीशी संबंधच नाही. फर्मांच्या यादीतली प्रत्येक संख्या २ च्या कसोटीला उतरते. संयुक्त असूनही अशी उतरणाऱ्या संख्येला २ या पायासाठी छद्म-मूळ म्हणतात. याहून कडक समजली जाणारी मिलर-राबिन कसोटी लावली तरी २ हा पाया घेतल्यास 'स' तिच्यातूनही सुटते, कारण वर्ग करत गेल्यावर वाटेत −१ भेटतोच.

पाया बदला. ३ घेऊन तोच प्रोग्रॅम चालवा. ३^(स−१) ची बाकी ३०२९०२६१६० येईल, १ नाही. संख्या संयुक्त, वाद मिटला. फर्मांच्या यादीसाठी तर यापेक्षा नेमकी कसोटी आहे. १८७७ मध्ये पेपँ यांनी दाखवलं की (३ सोडून) अशी संख्या मूळ असेल तर ३ च्या निम्म्या घाताची, म्हणजे ३^((स−१)/२) ची बाकी −१ येते, आणि मूळ नसेल तर येत नाही. ही कसोटी दोन्ही दिशांनी चालते. 'स'च्या बाबतीत तो घात २^३१; म्हणजे ३ पासून सुरू करून ३१ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी ठेवायची. शेवटी १०३२४३०३ उरतं. −१ म्हणजे ४२९४९६७२९६ उरायला हवं होतं. कागद-पेन्सिलीने हे किचकट खरं, पण अशक्य नाही. सतराव्या शतकातल्या माणसालाही जमलं असतं. फक्त या कसोटीने संख्या संयुक्त आहे एवढंच कळतं, अवयव हाती लागत नाहीत.

अवयव हाती देणारा आणि मला सगळ्यांत आवडणारा गुणधर्म वर्गांच्या बेरजेचा आहे. २^३२ + १ म्हणजे उघडच ६५५३६² + १². मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता आलीच तर एकाच प्रकारे येते (क्रम सोडून). तेव्हा दुसरा प्रकार सापडला की संख्या संयुक्त. तो आहे:

४२९४९६७२९७ = ६२२६४² + २०४४९²

पडताळा घ्या: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१. (२०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे. तो योगायोग, त्यामागे मला काही दिसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आता ऑयलर यांची रीत. मोठ्या पायांची वजाबाकी आणि बेरीज: ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, ६५५३६ + ६२२६४ = १२७८००. लहान पायांची: २०४४९ − १ = २०४४८, २०४४९ + १ = २०४५०. दोन्ही वजाबाक्यांचा, ३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८. तो काढून घेतला की ३२७२ मधून ४०९ उरतात आणि २०४४८ मधून २५५६. २०४५० ला ४०९ ने भागा: ५०. मसावि ८ चा निम्मा ४, ५० चा निम्मा २५. आता पाहा:

४² + २५² = १६ + ६२५ = ६४१
४०९² + २५५६² = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७

दोन्ही अवयव बाहेर पडले, तेही दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात. हे का घडतं ते ब्रह्मगुप्तांच्या 'भावना' नियमाच्या सगळ्यात साध्या रूपावरून कळतं: दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि ती दोन प्रकारे मांडता येते. २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६; यांची बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. दुसरीकडे २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४; यांची वजाबाकी १, बेरीज २०४४९. तिरप्या गुणाकारांत फक्त एकाचा फरक पडला म्हणून ६५५३६² ला नेमका १² चा जोडीदार मिळाला. २^३२ + १ ला आतून फोडलं की असं दिसतं.

दुसरा प्रकार शोधायचा कसा, असं विचाराल. ६५५३५ पासून एकेक खाली उतरत वर्ग 'स'मधून वजा करायचा आणि उरलेला पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं. ३२७२ व्या पायरीला सापडतो; संगणकाला डोळ्याचं पातं लवायच्या आत. याउलट फर्मांचीच वर्गांच्या वजाबाकीची रीत इथे फार दमवते. तिला पोहोचायचं असतं ३३५०५२९² − ३३४९८८८² पर्यंत, आणि सुरुवात ६५५३७ पासून; म्हणजे बत्तीस लाखांहून जास्त पायऱ्या. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर ती रीत उत्तम, ६४१ आणि ६७००४१७ सारखी विजोड जोडी असेल तर निरुपयोगी.

नेहमीचे आकडे झटपट सांगून टाकतो. विभाजक चार: १, ६४१, ६७००४१७ आणि स्वतः. त्यांची बेरीज ४३०१६६८३५६. स्वतःला सोडून उरलेल्यांची बेरीज ६७०१०५९, म्हणजे परिपूर्ण संख्येपासून ती कोसभर दूर. 'स'पेक्षा लहान आणि 'स'शी सामाईक विभाजक नसलेल्या संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. आणि १/६४१ चा दशांश ३२ अंकांनी आवर्ती होतो: आधी ००१५६००६२४०२४९६०, मग ९९८४३९९३७५९७५०३९. दोन तुकड्यांची बेरीज करून पाहा, सोळा नऊ मिळतील.

भूमितीत या यादीला मोठा मान आहे. १७९६ मध्ये गाउस यांनी सतरा बाजूंचा सम बहुभुज पट्टी आणि कंपासने काढता येतो हे दाखवलं. बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्मांच्या यादीतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. ही अट अपरिहार्य आहे याची सिद्धता १८३७ मध्ये वांत्झेल यांनी पूर्ण केली. 'स' संयुक्त निघाल्यामुळे ४२९४९६७२९७ बाजूंचा बहुभुज काढता येत नाही. तिच्यापेक्षा दोनने लहान ४२९४९६७२९५ बाजूंचा मात्र तत्त्वतः येतो, आणि विषम बाजूंचा ज्ञात असलेला तोच सगळ्यात मोठा. 'स'नंतरची एकही संख्या आजवर मूळ निघालेली नाही. पुढची २^६४ + १ म्हणजे २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. हे अवयव लांद्री यांनी १८८० मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर दिले. २७४१७७ = २५६ × १०७१ + १, साचा इथेही तोच.

अमेरिकेच्या व्हर्माँटमध्ये १८०४ साली जन्मलेल्या झेरा कोलबर्न या मुलाला लंडनमध्ये लोकांसमोर ४२९४९६७२९७ चे अवयव विचारले होते आणि त्याने ते तोंडी सांगितले, अशी नोंद आहे. त्याने कसे काढले यावर बरंच लिहिलं गेलं. माझ्या मते नुसत्या भागाकारानेही ते शक्य होतं, ११६ पायऱ्याच तर आहेत. त्या डोक्यात करणं ही त्याची करामत.

शेवटी एक सूचना, कारण तुम्ही हाच प्रोग्रॅम सी मध्ये लिहिणार असल्याचं म्हटलं आहे. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात 'स' मावतच नाही. ती साठवली की १ होते आणि प्रोग्रॅम १ बद्दल उत्तर देतो. म्हणून ६४ बिटांचा प्रकार घ्याल. त्यात २ च्या पायाची कसोटी चालवलीत तर वर्ग करता करता २^३२ येईल, त्याचा वर्ग २^६४, आणि तो ६४ बिटांत मावत नाही म्हणून ० होईल. पुढे सगळी शून्यंच. शेवटी बाकी १ नाही म्हणून प्रोग्रॅम 'संयुक्त' छापेल. उत्तर बरोबर, कारण साफ चुकीचं, आणि हा दोष दुसऱ्या एखाद्या संख्येवर भलताच निकाल देईपर्यंत लपून राहील. १२८ बिटांत गुणाकार करून मग बाकी घ्या, आणि पाया ३ ठेवा.